राखून धावणं

डिसेंबर लागला की आमच्या पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या धावणाऱ्यांचं वेळापत्रक भरून जातं. आज इथे दहा किलोमीटर, पुढच्या रविवारी तिथे एकवीस. त्यातल्या बऱ्याच जणांचं खरं लक्ष जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनवर असतं. त्या ४२.१९५ किलोमीटरची तयारी म्हणून मधली एखादी अर्धमॅरेथॉन आरामात, सरावाचा लाँग रन समजून धावावी, असं जुने धावणारे सांगतात. ते सगळ्यांना पटतं. पाळणारे मात्र थोडे.

याचं कारण नुसती हौस नाही, असं मला वाटतं. इथे वेळेचा हिशोब अंगात मुरलेला आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि आकुर्डीत बजाज, पुढे चाकण उभं राहिलं. घरंच्या घरं शिफ्टवर वाढली. लाइनवर एका जॉबला किती सेकंद लागावेत हे ठरलेलं, तासाला किती नग निघाले ते बोर्डावर लिहिलेलं. आठवडाभर त्या बोर्डासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी छातीवर नंबर, बिबला चिप आणि कमानीवर मोठं घड्याळ दिलं, की त्याच्या मनात एकच प्रश्न येणार: मागच्या वेळेपेक्षा किती मिनिटं कमी?

शरीर मात्र या बोर्डाला जुमानत नाही. सावकाश, लांब धावताना स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात, चरबी जाळून ऊर्जा मिळवायची सवय लागते. मॅरेथॉनचे शेवटचे दहा-बारा किलोमीटर, परतीचा पेडर रोडचा चढ धरून, या कमाईवरच निघतात. जीव तोडून एकवीस किलोमीटर धावलं तर पाय ताळ्यावर यायला आठवडा, कधी दोन जातात आणि ऐन मोसमातला सराव बुडतो. तेच अंतर गप्पा मारत कापलं, तर दोन-तीन दिवसांत माणूस पुन्हा रस्त्यावर असतो.

हा विचार जगाला पटवून देणारा न्यूझीलंडचा आर्थर लिडियर्ड ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करायचा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्याने ठरवलं, की आधी लांब धावेचा पाया घालायचा, वेग नंतर. त्याचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटर धावणारा, म्हणजे पावणेदोन मिनिटांचा खेळ. त्यासाठी तो डोंगराळ रस्त्यांवर पस्तीस-पस्तीस किलोमीटर धावत असे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी मिळवलं. दोघेही लिडियर्डचेच.

मग शर्यतीत पैसे भरून कशाला जायचं? प्राधिकरणातल्या रस्त्यांवर फुकट धावता येतं की. येतं, पण तिथे मोह नसतो, आणि मोह नसेल तिथे आवरण्याचा सराव होत नाही. शर्यतीचे पहिले दोन किलोमीटर आठवून पाहा. ढोल-ताशा घुमतोय, थंडीने अंग हलकं झालंय, डावी-उजवीकडून माणसं सपासप पुढे जातायत. दोन तासांचा झेंडा घेतलेला पेसर डोळ्यांदेखत लांब जातो. बाजूचा घामाघूम गडी धापा टाकत का होईना, पण पुढे निघतो. अशा वेळी शेजाऱ्याशी एक अख्खं वाक्य न तुटता बोलता येतंय का, एवढंच पाहायचं. तुटलं तर पाय आवरायचे. सोळाव्या किलोमीटरला मघाचेच लोक चालताना दिसतात, तेव्हा त्यांना झपाट्याने मागे टाकायची ओढ पहिल्या मोहाहून जास्त असते. तीही आवरायची. मुंबईत पहिल्या दहा किलोमीटरला नेमकी हीच ताकद लागणार असते.

यात घड्याळातला आकडाही फसवा. तिसरी पाळी करून, दोन-तीन तास झोपून आलेल्या माणसाची नाडी रोजच्याच गतीला जास्त पडते. त्याच्यासाठी कालची आरामाची गती आज आरामाची नसते. म्हणून श्वासावर भरवसा ठेवावा, मिनिटांवर नाही.

अर्थात शर्यतीत सावकाश धावणाऱ्याने दुसऱ्याची वाट अडवू नये. सुरुवातीला मागे उभं राहावं, तिघांनी हातात हात घातल्यासारखं रस्ताभर पसरू नये, पाण्याच्या टेबलापुढे थबकू नये. पेला घेऊन कडेला व्हावं. पदक घ्यायला मात्र संकोच नको. अंतर पूर्ण केलेलं असतं.

आपल्या भागातल्या आयोजकांकडे माझं एक मागणं आहे. पावणेदोन तास, दोन तास, अडीच तास असे पेसर तुम्ही देताच. आणखी एक झेंडा असा द्या, ज्याच्यावर वेळच लिहिलेली नाही. तो धरणाऱ्याचं काम एवढंच, की सोबतच्या सगळ्यांना शेवटपर्यंत बोलतं ठेवायचं. रात्रपाळी करून आलेल्यांना, गुडघेदुखीतून सावरणाऱ्यांना, पहिल्यांदाच एकवीस धावणाऱ्यांना आणि मुंबईसाठी पाय जपणाऱ्यांना त्याच्या मागे हक्काने धावता येईल.