शहर भयाचें कीं गांव?

मुलास मुंबईस पाठवावें, तर तेथें जिवाची शाश्वती काय, असें खेड्यांतील पुष्कळ बंधु आम्हांस विचारितात. भय खोटें नव्हे. सन 1993 च्या 12 मार्च रोजीं तेथें बाँबस्फोट होऊन 257 माणसें मेलीं. परंतु त्याच वर्षीं 30 सप्टेंबरच्या पहाटेस किल्लारीस भूकंप झाला, आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचें ओझें निजलेल्यांवर कोसळून हजारों मेले. ज्यांस ते आसरा म्हणत, त्यांनींच घात केला! पुढें 26 जुलै 2005 रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां वाटेंत अडकलेल्यांस अनोळखी लोकांनीं घरांत घेऊन जेवूं घातलें. म्हणून शहर किती भयाचें, एवढेंच विचारणें आम्हांस अपुरें वाटतें. संकटसमयीं कोणीं दार ठोठाविलें, तर तुमचा मुलगा तें उघडील काय? हें त्यास निघण्यापूर्वीं विचारा.