विसरल्याची आठवण

परवा मध्यरात्री आमच्या कचेरीतील एक संगणक बंद पडला. यंत्रांची निगा राखणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. डोळे चोळत मी त्याला पुन्हा सुरू केले आणि चहाचे आधण ठेवले. चहा उकळेपर्यंत त्याची मेमरी काठोकाठ भरली आणि बिचारा पुन्हा आडवा झाला!

पाच यंत्रांचे ते कुटुंब. ‘कॅसँड्रा’ नावाच्या प्रणालीत आम्ही प्रत्येक नोंद त्यांतल्या तिघांजवळ ठेवतो. एक निजला तर शेजारी त्याचे निरोप ३ तासांपर्यंत जपतात. जागा झाल्यावर तो खातेवहीत न चढलेल्या नोंदी रोजकीर्दीतून वाचून मेमरीत भरू लागतो. आणि ते आटोपताच शेजारी निरोपांची रास त्याच्या अंगावर ओततात. गावाहून आलेल्या माणसाला उंबरठ्यावरच साऱ्यांनी गाऱ्हाणी सांगावीत, तशी गत! मी निरोपांचा वेग कमी केला, तेव्हा कुठे तो सावरला.

माझी झोप मात्र दुसऱ्याच गोष्टीने उडाली. ही यंत्रे कोणतीही नोंद एकदम पुसत नाहीत. ‘ही गेली’ अशी खूण करून ठेवतात. इंग्रजीत त्या खुणेला थडग्याचा दगडच म्हणतात. ती निदान १० दिवस राखायची असा सर्वसाधारण नेम आहे. मला आपला दहावा आठवला! हेतू असा, की गैरहजर असलेल्यालाही पुसल्याचे कळावे. त्या मुदतीत साऱ्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या नाहीत, खुणा नाहीशा झाल्या आणि मग तो परतला, तर त्याच्याजवळची जुनी नोंदच खरी मानून सारे कुटुंब ती पुन्हा स्वीकारते. मेलेले जिवंत होते.

आमच्या घरी हेच झाले. १९९१ साली वाटणीवरून वडिलांचे आणि धाकट्या काकांचे बिनसले. काका इंदूरला निघून गेले. इकडे आईने वडिलांची समजूत घातली आणि हळूहळू आम्ही ते सारे विसरलो. २००२ च्या पाडव्याला काका आले. फराळाचे ताट पुढे येते न येते तोच जुना विषय, जुना आवेश! ‘इतकी वर्षे मनात धरून बसलात?’ असे मीच त्यांना म्हणालो. आमची भांडणे पुन्हा ताजी झाली. काका रात्रीच्या गाडीने गेले, ते कायमचेच.

विसरणे म्हणजेच क्षमा, असे मी आजवर समजत होतो. पण आम्ही विसरलो, हे काकांना कळवले कुणी? एक पोस्टकार्डसुद्धा गेले नव्हते. जी क्षमा ज्याची त्याला पोचत नाही, ती नुसती आपली सोय असते.

मग सारेच जपून ठेवावे काय? तेही नव्हे. थडगी फार साठली, की साधे उत्तर शोधतानाही यंत्राची मेमरी भरून जाते. माणसाचे निराळे काय होते? विसरल्याची आठवण सर्वांना पोचेपर्यंत ठेवावी, आणि मग तीही सोडून द्यावी.

यंदा काकांच्या मुलाला फराळाचा डबा पाठवतो आहे. चकल्यांवर एक चिठ्ठी ठेवली आहे : ‘ते भांडण आमच्याकडून केव्हाच पुसले गेले. सांगायचे तेवढे राहिले होते.’