वाट कुणाची?



आजचं वाचन आदिपर्वातलं आहे, कल्माषपाद राजाचं. इक्ष्वाकू कुळातला हा राजा शिकारीहून परत येतोय. दमलेला, भुकेला, तहानलेला. रानातली वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाईल. समोरून येतात शक्ती, वसिष्ठांच्या शंभर मुलांमधले थोरले. राजा म्हणतो, बाजूला हो. शक्ती शांतपणे सांगतात की धर्माप्रमाणे वाट माझी आहे, राजानं ब्राह्मणाला वाट द्यायची असते. राजा हटत नाही. शक्तीही हटत नाहीत. शेवटी राजा चाबकानं मारतो आणि शक्ती शाप देतात : राक्षसासारखा वागलास, राक्षस होशील, माणसं खात फिरशील. पुढे राजा खरोखर नरभक्षक होतो. आणि सगळ्यात आधी कुणाला खातो? शक्तींनाच. मग वसिष्ठांच्या उरलेल्या मुलांना.

एवढं सगळं दोन पावलं बाजूला सरकण्यावरून.

मधे विश्वामित्रांचं जुनं वैर आहे, त्यांनी राजाच्या अंगात राक्षस घुसवला वगैरे भाग आहे, पण तो आज बाजूला ठेवू. मला या गोष्टीत नेहमी अडकवतं ते वेगळंच. शक्ती चुकीचं काहीच बोलत नाहीत. नियम त्यांच्या बाजूनं आहे. तरी ती वाट शेवटी कुणालाच मिळत नाही.

माझ्यासाठी ही गोष्ट पुस्तकातली राहिलेली नाही, कारण मी दर रविवारी अशाच एका वाटेवर असतो. मी लॉस एंजेलिसला राहतो. इथे समुद्राच्या कडेनं एक सायकलची वाट आहे. उत्तरेला विल रॉजर्स बीचपासून दक्षिणेला टॉरन्सपर्यंत, 22 मैल, म्हणजे साधारण 35 किलोमीटर. मार्विन ब्राउडी नावाचे इथले नगरसेवक होते, 1965 ते 1997 इतकी वर्षं, आणि ते स्वतः सायकलवाले. त्यांचं नाव या वाटेला दिलंय. एका हाताला वाळू आणि पॅसिफिक, दुसऱ्या हाताला गाव. सांता मोनिका, व्हेनिस, मग मरिना डेल रेला वळसा, मग विमानतळाखालचा डॉकवायलरचा किनारा, मॅनहॅटन बीच, हर्मोसा, रेडोंडो.

रोड बाईक ज्यांनी चालवली आहे त्यांना कळेल. हँडल खाली वाकलेलं, बूट पॅडलमध्ये अडकवलेले, बोटाएवढे बारीक टायर. सपाट रस्ता मिळाला की ती ताशी 30 किलोमीटरनं सहज पळते, आणि तिथपर्यंत पोचलेला वेग सोडवत नाही. ब्रेक दाबला की पायांनी कमावलेलं गेलं, परत पहिल्यापासून कमवा. वर स्ट्राव्हावर आपला वेळ चार मित्र बघणार. (हो, ‘मी कर्मफल सोडलंय’ म्हणणाऱ्यांचंही स्ट्राव्हा खातं असतं.)

पण रविवारी दुपारी या वाटेवर सायकली कमी आणि बाकी सगळंच जास्त असतं. बादली-फावडं घेतलेली पोरं, सर्फबोर्ड आडवा धरून चाललेले लोक, स्केटवाले, बाबागाड्या, सेल्फीसाठी वाटेच्या मधोमध थांबलेली जोडपी. बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्यांची वाट वेगळी आहे, वीस पावलांवर. जमिनीवर सायकलचं चित्र रंगवलेलं आहे. कुणी बघत नाही.

मागच्या वर्षी आई-बाबा ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. बाबा 71 वर्षांचे. व्हेनिसजवळ मी आईबरोबर आइस्क्रीमच्या रांगेत होतो आणि बाबा समुद्र बघत त्या सायकलच्या वाटेवरून निघाले. डाव्या कडेनं. आयुष्यभर डावीकडून चाललेला माणूस. इथे सगळं उजवीकडून चालतं. मागून एक रोड बाईकवाला आला आणि रीतीप्रमाणे ओरडला, ‘ऑन युवर लेफ्ट!’ म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय, तुम्ही आहात तिथेच राहा. बाबांना त्यातलं ‘लेफ्ट’ तेवढं ऐकू आलं. कुणीतरी डावीकडे व्हायला सांगतंय असं समजून ते आणखी डावीकडे झाले.

त्यानं ब्रेक दाबला. वाऱ्यानं वाटेवर आलेली वाळू होती, चाक घसरलं, तो पडला. पडताना हँडल बाबांच्या मनगटावर लागलं. त्याचं कोपर सोलवटलं, सायकलचा मागचा गिअर वाकला. बाबांचं मनगट सुजलं. हाड मोडलं नाही, देवाची कृपा.

मी धावत पोचलो तर दोघांचं सुरू झालेलं. तो म्हणत होता, मी आवाज दिला होता, ही सायकलची वाट आहे. बाबा ठाण्याच्या इंग्रजीत म्हणत होते, मी माझ्या बाजूनं चाललो होतो, तूच अंगावर आलास. मी मधे उभा होतो आणि मला कळत होतं की दोघंही खरं बोलतायत. मी स्वतः तसाच ओरडा देत त्याच वाटेवरून जातो, त्यामुळे त्याचं म्हणणं मला शब्दन् शब्द पटत होतं. आणि सुजलेलं मनगट माझ्या बाबांचं होतं.

त्या रात्री मी आदिपर्व उघडलं. मग हा विषय आपल्या धर्मग्रंथांत आणखी कुठे आहे ते शोधत बसलो. आहे, चक्क आहे. आपस्तंब धर्मसूत्रात, मनुस्मृतीत, महाभारतात वाट कुणाला द्यावी याच्या याद्या आहेत. वाहनातला माणूस, ओझं वाहणारा, आजारी, स्त्री, अतिवृद्ध. आंधळा, बहिरा. राजा. आणि राजासमोर ब्राह्मण आला तर ब्राह्मण.

वाहन यादीत आहे, हे वाचून माझ्यातला सायकलवाला आधी खूश झाला. मनुस्मृतीत तर चाकावरचा माणूस पहिल्याच नंबरला! पण जरा थांबून बघा, ते वाहन कुणाच्या रांगेत उभं आहे. ओझेवाल्याच्या आणि आजाऱ्याच्या. का? मला जे उत्तर सुचतं ते असं : बैलगाडी चाकोरीत अडकलेली असते, तिला पटकन बाजूला होता येत नाही. डोक्यावर मोळी असलेल्याला होता येत नाही. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला होता येत नाही. यादीचा हा भाग ज्यांना सरकणं जड जातं त्यांचा आहे. मग व्हेनिसच्या वाटेवर सरकणं कुणाला जड आहे? आठ किलोची, दोन बोटांच्या ब्रेकवर थांबणारी सायकल चालवणाऱ्या मला, की कानात इयरफोन असलेल्या आजीला आणि बादली सांडेल म्हणून हळू चालणाऱ्या चार वर्षांच्या पोराला?

राजा आणि ब्राह्मण यांचं तसं नाही. तिथे अडचण नाही, मान आहे. आणि मानावर वाट वाटली की काय होतं ते आपल्या देशानं पाहिलंय. वायकोमला 1924 साली सत्याग्रह करावा लागला तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसतं चालता यावं म्हणून. त्यामुळे यादीतला हा भाग मी डोळे झाकून स्वीकारत नाही. ग्रंथाला नमस्कार करूनच हे म्हणतोय. ओझेवाल्याचा नियम आणि मानाचा नियम एकाच श्लोकात शेजारी बसलेत म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत.

आपस्तंबांचं एक वाक्य मात्र मला फार आवडलं. दारू प्यायलेला, वेडा, असंस्कृत माणूस समोर आला तर सगळ्यांनी वाट द्यावी, आपल्याच भल्यासाठी! व्हेनिस बीच पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ऋषी रविवारी दुपारी तिथे मजेत चालला असता.

आणि अजून एक. या याद्यांमध्ये जिथे क्रियापद येतं तिथे ते एकच आहे : द्यावी. वाट द्यावी. वाट घ्यावी असं कुठे येत नाही. म्हणजे आजारी माणसाला वाट द्यायची हे माझं कर्तव्य आहे, पण मी आजारी आहे म्हणून समोरच्याला ढकला, असं शास्त्र आजाऱ्याला सांगत नाही. शक्तींनी नेमकं हेच उलटं केलं. राजाला लागू असलेला नियम त्यांनी स्वतःसाठी वापरला. नियम बरोबर होता, पण तो पाळायचं काम राजाचं होतं. ‘ऑन युवर लेफ्ट’ ओरडून वेग तसाच ठेवणारा सायकलवाला मला शक्तींसारखा वाटतो. आवाज देणं बरोबरच आहे. पण आवाज दिला की जबाबदारी समोरच्याकडे गेली, असं जे आपण धरून चालतो ते कुठून आलं?

थोडं गणित करू, कारण दयाबुद्धीला आकडे लागतात. ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. डोळ्यांना दिसून बोटं ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, तेवढ्यात आठ मीटर गेले. मग थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी सात. एकूण पंधरा मीटर, आणि वाळूवर याहून जास्त. हर्मोसा बीचला वेगाची मर्यादा ताशी 8 मैल आहे, म्हणजे 13 किलोमीटर. त्या वेगानं सगळं मिळून पाच मीटरमध्ये थांबता येतं. पाच मीटरवरचं पोर तुम्हाला दिसतं, त्याचा चेहरासुद्धा दिसतो. पंधरा मीटरवर तो नुसता एक अडथळा असतो. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

यावर माझ्या सायकलवाल्या मित्रांचं म्हणणं असतं, आणि ते खोटं नाही : मग आम्ही जायचं कुठे? गाड्यांच्या रस्त्यावर गाडीवाले आम्हाला हेच ऐकवतात, बाजूला हो. ही एकच वाट आमच्या नावाची, तीही सोडायची? चालणाऱ्यांना शेजारी त्यांची वाट असताना आमच्यात का यावं? या तक्रारीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बाबांना ते चित्र दिसायला हवं होतं, हेही खरं. पण गाडीवाल्यानं आपल्याशी जसं वागू नये असं आपल्याला वाटतं, तेच या वाटेवर आपण कुणाशी तरी वागतो. तिथे आपण ओझेवाले असतो, इथे राजे. एकाच सकाळी, एकाच सायकलवर.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. दम काढायचा असेल तर पहाटे सहाला, तोही डॉकवायलरच्या पट्ट्यात, जिथे डोक्यावरून विमानं जातात आणि वाटेवर कुत्रंही नसतं. रविवारी दुपारी व्हेनिसला व्यायाम करायचाच नाही. तिथे सायकल म्हणजे फिरायला जाणं. हर्मोसाच्या पिअरपाशी उतरायचा दिवा लुकलुकत असेल तर उतरायचं आणि हातात धरून चालायचं. त्या बुटांवर बदकासारखं चालावं लागतं, लोक हसतात. हसू देत.

आणि ओरडायचं काय? वारीत गेला असाल तर आठवा. लाखभर माणसं, खांद्याला खांदा, आणि पुढे जायचं असेल तर तोंडून एकच शब्द येतो, ‘माऊली, माऊली’. मागून रुग्णवाहिका आली तर तीच गर्दी दुभंगते. तिथे कुणी कुणाला डावं-उजवं सांगत नाही, आधी हाक मारतात, तीही आईच्या नावानं. इथे ‘माऊली’ म्हटलं तर कुणाला कळणार नाही, माहीत आहे. म्हणून मी आधी वेग कमी करतो, मग ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो, दुपारी असेल तरी. लोक वळून बघतात. वळून बघितलं की ते कुठे सरकणार हे मलाही दिसतं.

वनपर्वात याच प्रकारची दुसरी भेट आहे. जनक राजा वाटेनं चाललाय आणि समोर अष्टावक्र येतो, बारा वर्षांच्या आसपासचा, अंगानं आठ ठिकाणी वाकडा मुलगा. तोही वाटेचा तोच नियम राजाला ऐकवतो. शक्तींसारखाच, कदाचित जास्तच ऐटीत. जनक काय करतो? वाट दिली, जा तुला हवं तिकडे, म्हणतो, आणि बाजूला होतो. अग्नी लहान असला तरी लहान नसतो, अशा अर्थाचं काही बोलतो. गोष्ट पुढे जाते. शाप नाही, चाबूक नाही. पोर बरोबर होतं की आगाऊ होतं, याचा निवाडा जनक करत बसत नाही.

बाबा नंतर त्या वाटेवर आले नाहीत. दीड महिना उरला होता, रोज संध्याकाळी गाडीत बसून समुद्र बघायचे. परवा फोनवर विचारत होते, तो मुलगा, त्याच्या सायकलचं काय झालं रे? मला माहीत नव्हतं.

उद्या याच गोष्टीचा पुढचा भाग वाचू. शक्ती गेले तेव्हा त्यांची बायको अदृश्यंती गरोदर होती. तिचा मुलगा पराशर, म्हणजे व्यासांचे वडील. बापाला राक्षसानं खाल्लं हे कळल्यावर तो सगळ्या राक्षसांना जाळायला यज्ञ मांडतो. जमलं तर मूळ अध्याय आज रात्री वाचून ठेवा.