चुन्यातली रेघ आणि कागदावरची रेघ

फ्लॉरेन्सचा चित्रकार जॉर्जो वासारी याने 1550 मध्ये कलावंतांची चरित्रे छापली आणि पुस्तकाच्या आरंभी कारागिरीच्या कृतीही नोंदवल्या. त्यांतली एक अशी: जळक्या पेंढ्याची राख घालून भिंतीला काळसर गिलावा करावा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा आणि लोखंडी टोकाने पांढरा थर खरवडून खालचा काळा उघडा करावा. पिसा शहरातल्या एका राजवाड्याची दर्शनी भिंत त्याने पुढे याच रीतीने सजवली.

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्याकडे, हेच काम रंग उलटे धरून होत आले. शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा थर, तो ओला असतानाच टोकदार सळईने कोरलेली पांढरी रेघ आणि शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटाई. ही कावी कला. मोरजीच्या मोरजाई मंदिरापासून डिचोलीपर्यंत, वर सिंधुदुर्गात आणि खाली कारवारपट्टीत जुन्या देवळांवर ती दिसते.

साम्य दिसले की कोणी कोणाकडून उचलले, हा प्रश्न लगेच उठतो. पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते 1788 मध्ये. त्याआधी इथे अंमल होता सावंतवाडीकर भोसल्यांचा. अर्थात कलेला सरहद्द अडवत नाही, म्हणून एवढ्याने वाद मिटत नाही. पण साम्याचे साधे कारण चुन्यातच आहे. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो. मधल्या थोड्या वेळात जे कोरले, ते भिंतीचाच भाग बनते. चार महिने पाऊस झोडपणाऱ्या मुलखात वरून लावलेल्या रंगापेक्षा अशी रेघ जास्त तगते. पिसाच्या गवंड्याला आणि मोरजीच्या गवंड्याला शिकवणारा गुरू एकच असू शकतो: हातातला माल.

फरक पडला तो पुढे. पोलिदोरो दा काराव्हाज्जो याने 1520 च्या दशकात रोममधल्या घरांच्या दर्शनी भिंती चित्रांनी भरल्या. वासारीने त्याचे चरित्र लिहून त्याला नाव दिले, तरी भिंती वाचल्या नाहीत. उन्हापावसाने बहुतेक पुसल्या गेल्या. त्यांतले बरेच आज कळते ते खोदकारांमुळे. केरुबिनो आल्बेर्ती याने तांब्याच्या पत्र्यावर त्या उतरवल्या, आणि हॉलंडहून रोमला येऊन गेलेल्या हेंड्रिक गोल्ट्झियस याने 1592 मध्ये पोलिदोरोचे आठ देव खोदले.

कावी तर मुळातच रेघेची आणि दोन रंगांची, छपाईसाठी जणू तयारच. छपाईही फार लांब नव्हती. गोव्यात छापखाना 1556 मध्ये आला, फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण 1616 मध्ये रोमन लिपीत छापले गेले. मात्र छापखाना चर्चच्या कामाला जुंपलेला आणि 1560 पासून इन्क्विझिशनचा पहारा. तिथे देवळाच्या भिंती कोण उतरवून घेणार? आणि सरहद्दीपलीकडच्या पेडण्यात देवळे होती, खोदकार नव्हता. देवळाच्या भिंतीला कागदावरची जोड मिळालीच नाही. म्हणून जीर्णोद्धारात भिंत पाडली किंवा तिच्यावर फरशा चढल्या की चित्र कायमचेच जाते.

नक्कल म्हणजे मूळ नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. गोल्ट्झियसच्या देवांत पोलिदोरोइतकाच गोल्ट्झियसही दिसतो. कागद आकृती राखतो; ओल्या चुन्यावर हात किती जोराने टेकवायचा, हे तो सांगू शकत नाही. ते ज्ञान काम मिळाले तरच टिकते. म्हणजे दोन्ही हवे: हातोडा पडण्याआधी भिंतीची पूर्ण आकाराची रेखाप्रत, आणि नव्या बांधकामात निदान एका भिंतीवर चुन्याचे काम. देवस्थानच्या अंदाजपत्रकात संगमरवराचा आकडा बिनबोभाट मंजूर होतो. त्याच कागदावर कावीची ओळ घालायला महाजनांना सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.