राबणारीचं नाव कुठे आहे?

कॉफीची सगळी फळं एकदम पिकत नाहीत. लाल झाली तेवढीच हातानं तोडायची, हिरवी ठेवायची, काही दिवसांनी पुन्हा त्याच झाडापाशी यायचं. कॉफीची चव बरीचशी इथंच ठरते, आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचा 2018 चा अहवाल सांगतो की कॉफीच्या उत्पादनातले 70 टक्क्यांपर्यंत श्रम बायकांचे असतात. बायका चालवतात ते मळे मात्र 20 ते 30 टक्केच.

आपल्याकडे कॉफी म्हणजे चिखलदरा. पण भाताचं, कापसाचं गणितही वेगळं नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहिती खातेदारांमध्ये बायका जेमतेम 14 टक्के होत्या.

पण श्रम केले म्हणून मालकी मिळायलाच हवी का? मी कोड लिहितो, तो कंपनीचा होतो. मला त्यात अन्याय वाटत नाही. कारण पगार आधी ठरलेला आहे आणि नोटीस पिरियड भरून मी बाहेर पडू शकतो. घरच्या शेतात राबणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. मजुरी नाही, कारण शेत 'घरचं'. मालकी नाही, कारण सातबारा नवऱ्याचा. राबताना शेत तिचं. विकताना, भरपाई घेताना त्याचं.

मी बोनकोड्यात राहतो. भरपाई म्हणजे काय, हे नवी मुंबईतल्या गावांना सांगावं लागत नाही. 1970 साली सिडको आली, भातशेती गेली. चिखलात लावणी कुणी केली हे कागद विचारत नाही, तो नाव विचारतो.

"घरात प्रेम असताना हिशेब कशाला?" असं लोक म्हणतात. प्रेम आहे, तर नाव लावायला हरकत कसली?

शेतकरी संघटनेनं 1990 च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली: नवऱ्यानं थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. शरद जोशींची मांडणी अशी, की हे दान नव्हे, ऋण फेडणं आहे. हा फरक मला मोठा वाटतो. दान देणारा मोठा होतो, ऋण फेडणारा फक्त मोकळा होतो. पुढे सरकारनंही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. पण त्यासाठी अर्ज नवऱ्यानं करायचा. कर्ज कधी फेडायचं हे कर्जदारानंच ठरवायचं, असा व्यवहार कुठली बँक चालवून घेईल?