जुनी मोटार घ्यावी कीं नवी?

मनुष्य धान्य घेतांना मूठभर हातांत घेऊन पाहतो. बैल घेतांना त्याचे दांत पाहतो आणि त्यास चार पावलें चालवून पाहतो. मोटार घेतांना मात्र जाणता मनुष्यही वरच्या रंगास भुलतो. ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांत आणि त्यांस लागून असलेल्या मुरबाड, शहापूर या तालुक्यांतील गांवांत हा प्रश्न आजकाल पुष्कळ घरांत निघतो कीं, कर्ज काढून नवी मोटार घ्यावी, कीं हमीची मुदत सरलेली जुनी घेऊन तिजवर भागवावें? प्रथमदर्शनीं हा पैशाचा हिशेब दिसतो. हिशेब तर आहेच. परंतु त्याच्या पोटांत दुसराही एक प्रश्न दडलेला आहे, व त्याचाच विचार आज आम्ही विशेषेंकरून करणार आहों.

कल्याणाजवळच्या एका गांवांतील एक कुटुंब आमच्या परिचयाचें आहे. घरांतील वडिलांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें त्यांस आठवड्यांतून दोन वेळां डायलिसिसकरितां कल्याणास न्यावें लागतें. उपचारानंतर त्यांस उभें राहवत नाहीं, आणि भर पावसांत रिक्षा मिळेलच असा भरंवसा नसतो. घरांत साठविलेले ३ लक्ष रुपये होते. थोरल्या मुलाचें म्हणणें नवी मोटार घ्यावी; आईचें म्हणणें जुनी घ्यावी. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य होतें.

मुलाचा पक्ष असा. नव्या मोटारीबरोबर कंपनीची लेखी हमी मिळते. वाटेंत यंत्र बंद पडलें, तर दुरुस्तीचा खर्च कंपनी सोसते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळें नव्या मोटारी पूर्वीपेक्षां स्वस्त झाल्या आहेत. रोग्यास नेण्याआणण्याचें काम असतां भरंवशाची वस्तु घेणें हेंच शहाणपण, असें तो म्हणे.

आईनें कागद घेऊन हिशेब मांडला. ८ लक्षांची मोटार घ्यावयाची, तर २ लक्ष रोख देऊन ६ लक्षांचें कर्ज काढावें लागेल. ९ टक्के व्याजानें सात वर्षांत तें फेडावयाचें म्हटलें, तर दरमहा सुमारें ९,६५० रुपये हप्ता पडतो, आणि व्याजच सुमारें २ लक्ष ११ हजार होतें. इकडे मोटारीचें मोल घटत जातें. विम्याच्या कोष्टकाप्रमाणें पहिल्या सहा महिन्यांतच मोटारीची किंमत ५ टक्क्यांनीं उतरली असें धरितात. चार वर्षें उलटून पांचवें चालूं असतां ती निम्मी धरितात. म्हणजे निम्मी किंमत उडून गेली तरी हप्ते चालूंच. आणि वडिलांच्या औषधास एखाद्या महिन्यीं अधिक पैसे लागले, तर हप्ता कोठून भरावयाचा? याचें उत्तर मुलाजवळ नव्हतें.

हमी या शब्दाचाही नीट विचार केला पाहिजे. हमी म्हणजे मोटार बिघडणार नाहीं असें वचन नव्हे; ठराविक वर्षांच्या किंवा ठराविक किलोमीटरांच्या आंत, जें आधीं संपेल तोंपर्यंत, कारखान्याचा दोष निघाल्यास तो फुकट दुरुस्त करून देऊं, एवढेंच तें वचन होय. क्लचच्या तबकड्या, ब्रेकचे पॅड, टायर इत्यादि झिजणारे भाग बहुधा तिच्या बाहेर असतात. पुराचें पाणी शिरून झालेली खराबीही तींत बसत नाहीं. उलटपक्षीं, हमी सरली म्हणून मोटार मरत नाहीं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवितां येते. सारांश, हमी सरली म्हणजे धोका निर्माण झाला असें नव्हे. धोका सोसण्याचें ओझें कारखान्याच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर आलें, इतकेंच. तें ओझें पेलण्यापुरते पैसे ज्याच्याजवळ शिल्लक आहेत त्यानें जुनी घ्यावी. ज्यानें शेवटची पैदेखील मोटारींत घातली त्यानें जुनीही घेऊं नये. आईचा बेत अडीच लक्षांची मोटार घेऊन ५० हजार दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवण्याचा होता, व शेवटीं तोच सर्वांस पटला.

आतां दडलेल्या प्रश्नाकडे वळूं. जुन्या मोटारीचे गुणदोष विकणारा जाणतो, घेणारा जाणत नाहीं. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचेंच उदाहरण घेऊन दाखविलें कीं, जेथें चांगली व वाईट वस्तु गिऱ्हाइकास ओळखतां येत नाहीं, तेथें तो दोहोंसही मधलीच किंमत देऊं करितो. मग चांगल्या मोटारीचा धनी ती बाजारांत आणीत नाहीं, आणि बाजारांत वाईटच उरतात. या व अशा विचारांबद्दल त्यांस २००१ सालीं इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. यावरून असें दिसतें कीं, दोष लपविणारा एका गिऱ्हाइकासच ठकवितो असें नाहीं. जो प्रामाणिक आहे त्याच्याही मालाची किंमत तो पाडतो.

परंतु गप्प राहणें म्हणजे ठकविणें होय काय? आपल्या देशाच्या १८७२ सालच्या करार कायद्यांत या प्रश्नास घोड्याच्या दृष्टान्तानें उत्तर दिलें आहे. घोडा सदोष आहे हें ठाऊक असून लिलांवांत विकणारा कांहींच बोलला नाहीं, तर कायदा त्यास फसवणूक म्हणत नाहीं. पण घेणारी नुकतीच वयांत आलेली त्याची स्वतःची मुलगी असेल, तर दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि घेणारानें स्पष्ट म्हटलें कीं, तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर मी घोडा निर्दोष समजेन, तर मग विकणाराचें मौन हेंच त्याचें बोलणें ठरतें. दोष मुद्दाम झांकून ठेवणें ही तर उघड फसवणूकच होय.

या दृष्टान्तांतून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, घेणारानें विचारण्याची लाज धरूं नये. त्याच्या प्रश्नानें विकणाराचें मौन संपतें. दुसरी ही कीं, कायदा मुलीला जें देतो तें आपण शेजाऱ्यास कां नाकारावें? मुलगी जशी बापावर विसंबते, तसाच एका गांवचा, एका मंडळीचा मनुष्य आपल्या शब्दावर विसंबून घरीं येतो. ज्याच्याशीं उद्यां एका पंगतीस बसावयाचें त्याच्याशीं लिलांवाच्या नीतीनें वागतां येत नाहीं.

त्या कुटुंबास डोंबिवलींत एक नऊ वर्षें वापरलेली मोटार आवडली. रंग चकचकीत, यंत्राचा आवाज गोड. सौदा बहुतेक ठरला असतां आईनें विचारलें, “या गाडींत कधीं पुराचें पाणी शिरलें होतें काय?” हा प्रश्न या भागांत विचारण्याजोगाच आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां कल्याणकडेही हाहाकार झाला होता. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली, व हजारावर प्रवाशांस सोडवून आणावें लागलें. मोटारीचा धनी क्षणभर थांबला आणि म्हणाला, “होय, २०१९ सालीं बैठकींपर्यंत पाणी आलें होतें. खालचें अस्तर मीं बदललें. तेव्हांपासून गाडी नीट चालते, पण तारांचा भरंवसा मी देऊं शकत नाहीं.”

कुटुंबानें ती मोटार घेतली नाहीं. रोगी मनुष्यास अर्ध्या वाटेंत ठेवणारा धोका त्यांस पत्करतां येत नव्हता. त्या गृहस्थाचें गिऱ्हाईक गेलें, आणि त्याच्या सत्याबद्दल त्यास कोणीं बक्षीस दिल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. सत्याचा मोबदला हातोहात मिळतो असें सांगून आम्ही वाचकांस भुलविणार नाहीं. त्या दिवशीं तो गृहस्थ तोट्यांतच राहिला. पण एक वृद्ध मनुष्य पावसांत रस्त्यावर पडून राहण्याचा प्रसंग त्यानें टाळला, हेंही तितकेंच खरें.

कुटुंबानें दुसरी मोटार घेतली ती सहा वर्षांची. तिच्या दुरुस्त्यांची वही होती. ओळखीच्या मिस्त्र्यानें यंत्र थंड असतां चालूं करून पाहिलें. अस्तर उचलून चिखल व बैठकीखालच्या बोल्टांवरील गंज पाहिला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून डाग शोधले. नोंदणींत कोणा बँकेचा बोजा शिल्लक नाहीं हेंही पाहिलें. नांवबदलाचा अर्जही त्यांनीं मुदतींत केला. कायद्यानें विकणारानें चौदा व घेणारानें तीस दिवसांच्या आंत तो कळवावयाचा असतो. याची हयगय पुष्कळ लोक करितात. परंतु अपघात झाल्यास ज्याचें नांव नोंदणींत आहे त्यासच मालक समजून भरपाईस जबाबदार धरावें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. रस्त्यानें चालणाऱ्या पोरास हमी कोणती हें कळत नाहीं. त्यास आपले ब्रेक व आपला विमाच काय तो आधार आहे. म्हणून जुन्या मोटारीच्या धन्यानें टायर, ब्रेक व विमा यांत काटकसर करणें म्हणजे आपला पैसा दुसऱ्याच्या जिवावर वांचविणें होय.

गेल्या पावसाळ्यांत त्यांच्या मोटारीचा क्लच गेला. बाजूस ठेवलेल्या पैशांतून तो बदलला. त्या दिवशीं वडिलांस रिक्षानें न्यावें लागलें, व उशीर झाला. तरी हप्त्याची चिंता घरांत नाहीं. मुलगा अजून म्हणतो कीं नवीच घ्यावयाची होती, व आई त्यास उत्तर देत नाहीं.

वाचकहो, नवी घ्यावी कीं जुनी याचें एक उत्तर सर्वांस लागूं पडणार नाहीं. ज्याची मिळकत बांधलेली आहे व ज्यास दूरचा प्रवास नित्य करावा लागतो, त्यास नवी घेणें योग्य असूं शकेल; शेजाऱ्याच्या दारांत नवी दिसली म्हणून घेणें मात्र कोणासच योग्य नाहीं. परंतु आज जो घेणारा आहे तो कांहीं वर्षांनीं विकणारा होईल. त्या दिवशीं कोणी आपल्या दारांत उभा राहून विचारील, कदाचित् विचारणारही नाहीं. कारखान्याच्या हमीस तारीख असते. आपण काय सांगावें यास ती नसते. म्हणून मोटार घेतांनाच एक वही घालावी, तींत प्रत्येक दुरुस्ती व प्रत्येक दोष लिहून ठेवावा, आणि मोटारीबरोबर ती वहीही पुढच्या धन्याच्या हातीं द्यावी.