समास सोडून

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. माया-ब्रह्माची चर्चा करत आलेला ग्रंथ तिथे एकदम कागद, शाई आणि लेखणीपाशी येऊन बसतो. रामदासांच्या सूचना थेट कारागिराच्या आहेत. अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, ओळी सरळ असाव्यात, सगळा ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखा दिसावा. तरुणपणी डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगाचं नाही. आणि मजकुराभोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही.

या शेवटच्या सूचनेपाशी मी नेहमी थांबतो. चांगल्या छापलेल्या पुस्तकाची प्रशस्त कोरी कड पाहून आपण ‘काय देखणं पान आहे’ म्हणतो. रामदासांना ती कड झिजण्यासाठी हवी होती. मग उपयोग साधला की सौंदर्य आपोआप येतं, असं म्हणावं का? मला ते पटत नाही. झडण्यासाठी बोटभर जागाही पुरते. वर किती सोडायचं, खाली किती, डावी-उजवीकडे किती, हे झडणारा कागद सांगत नाही. ते लिहिणाऱ्याच्या नजरेलाच ठरवावं लागतं.

ही नजर नेमकं काय ठरवते, याचं मराठीतलं सर्वांत काटेकोर उत्तर मर्ढेकरांनी दिलं. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) त्यांनी सौंदर्य लयीत पाहिलं आणि संवाद, विरोध, समतोल हे लयीचे नियम मांडले. हा अनुभव व्यवहारातल्या सुखदुःखांपासून वेगळा, स्वतंत्र, असा त्यांचा आग्रह होता. संगीताला आणि चित्राला हे बरंच लागू पडतं. साहित्यात मात्र शब्द आपल्याबरोबर सगळा संसार घेऊन येतो, त्यामुळे तिथे त्यांना ‘भावनानिष्ठ समतानता’ अशी जडशीळ जोडणी करावी लागली. (ती पहिल्या वाचनात समजली असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.)

मला वाटतं, मर्ढेकरांचा सिद्धांत कवितेपेक्षा दुकानाच्या पाटीवर जास्त चोख बसतो. देवनागरी अक्षरात शिरोरेषेचा आडवा ताण असतो, दंडाचा उभा, आणि त्यांच्या मधे गाठी आणि वाट्या वळत असतात. बोरूच्या तिरप्या कापामुळे एकाच वळणात जाड-बारीक येतं. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, यांचा तोल ओळीभर सांभाळावा लागतो. संवाद, विरोध, समतोल हे सगळं इथे उघड्या डोळ्यांना दिसतं, शब्दाचा अर्थ न कळणाऱ्यालाही.

पाट्या रंगवणारा पेंटर हे जाणून होता. खडूच्या दोरीनं रेघा मारून तो आधी सगळं नाव पाटीवर बसवून पाहायचा. जागा कमी पडली तर अक्षरांची रुंदी थोडी थोडी चोरायचा, काना जवळ आणायचा, पण रेषेची जाडी बदलू द्यायचा नाही. आज फ्लेक्सवर तेच नाव माऊसनं आडवं दाबलं जातं. मग उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते, आणि लोखंडी तुळई काडीवर ठेवल्यासारखं अक्षर दिसतं. हा दोष संगणकाचा नव्हे. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठीच ‘मंगल’ हा टंक घडवला आणि तो लक्षावधी लोकांनी त्याचं नावही लक्षात न घेता वाचला. जुन्या पाट्यांतही भयाण पाट्या पुष्कळ होत्या. पण पेंटरला वाईट अक्षर काढायलाही हात झिजवावा लागे.

दुसऱ्या टोकाला कमल शेडगे. नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी काढलेल्या शीर्षकांत अक्षराचं वळणच नाटकाचा स्वभाव सांगतं. शैली म्हणून त्यांची नक्कल खूप झाली, आणि ‘आइस्क्रीम’वरून थेंब गळू लागले, ‘थंड’वर बर्फ साचला. शेडग्यांच्या अक्षरांत कल्पना रेषेच्या आत असते. नक्कल करणारे ती वरून ओततात.

२००९च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले. अनेकांना तो अस्मितेचा प्रश्न वाटतो. मला दंडाचा ‘ल’ही कुरूप वाटत नाही, हिंदीत तो शोभतोच. खटकतं ते एकाच पाटीवर दोन्ही ‘ल’ नांदताना पाहून. तिथे रामदासांचा एकच टाक हरवलेला असतो.

आणि इथेच मर्ढेकर मला अपुरे पडतात. पाटी डोळ्यांना का सुखावते हे लय सांगते. ती कोणासाठी काढली आहे, हे लयीच्या हिशोबात येत नाही. रामदासांच्या हिशोबात म्हातारे डोळे आहेत, झडणारा कागद आहे, पुढच्या पिढीतला अनोळखी वाचक आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्याच्या लौकिक आणि अलौकिक या दोन्ही बाजूंना जागा दिली. कविता त्यातल्या एका बाजूला झुकून तरून जाईल. पाटीला, ताटाला, दाराच्या कडीला तशी मुभा नाही.

महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात आणि देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, असा कायदा २०२२च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही लागू झाला. त्याची गरज होती, माझी त्याविषयी तक्रार नाही. पण आता एखाद्या मोठ्या दुकानासमोर उभं राहून पाहा. इंग्रजी नावाच्या दोन अक्षरांमधली फट कुणीतरी विचार करून ठेवलेली असते. शेजारचं मराठी नाव संगणकाच्या यादीतला पहिला टंक उचलून, इंग्रजीच्या उंचीला येईपर्यंत वर ओढलेलं असतं. तपासणीला आलेला माणूस उंची मोजतो आणि ती बरोबर भरते.